खानापूरच्या रानाला वर्षावन म्हणायचं का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पावसाळ्यात आणि मग पुन्हा फेब्रुवारीत मी मुलांना (आणि हल्ली त्यांच्या आईबापांनाही) घेऊन बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात, जांबोटी, कणकुंबी, चोर्ला या पट्ट्यात रान बघायला जातो. बेळगाव सोडून पिरनवाडी ओलांडली की प्रश्न सुरू होतात, आणि दरवर्षी बहुतेक तेच असतात. गाडीत ओरडून उत्तरं देऊन घसा बसतो, म्हणून एकदाच लिहून काढलं. क्रमाला फारसा अर्थ नाही. जसे प्रश्न येतात तसे घेतलेत.

सर, हे अमेझॉनसारखंच जंगल आहे का?

नाही. पण नाही का, ते समजून घेण्यासारखं आहे.

सगळ्यांना वाटतं, आपल्याकडे पाऊस कमी पडत असणार. उलट आहे. शेजारच्या आंबोलीत वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. सिंगापूर विषुववृत्ताला चिकटलेलं, अस्सल वर्षावनाचं हवामान तिथलं, तरी तिथे दोन हजारांच्या थोडा वर. म्हणजे आंबोली त्याच्या तिप्पट. मग वर्षावन तिकडे आणि इकडे का नाही? कारण सिंगापूरला कोरडा महिनाच नाही. फेब्रुवारी तिथला सगळ्यात कमी पावसाचा महिना, आणि त्यातही शंभर मिलिमीटरच्या आसपास पडतो. आपल्याकडे जूनपासून सप्टेंबरपर्यंत आभाळ फाटतं आणि डिसेंबर ते मार्च थेंब नाही.

झाडाला एकूण बेरजेशी देणंघेणं नसतं. जुलैत वाहून गेलेलं पाणी मार्चात पिता येत नाही. म्हणून मी मुलांना सांगतो की पाऊस इंचात मोजू नका, बिनपावसाचे महिने मोजा. पुढच्या निम्म्या प्रश्नांची उत्तरं त्यातच आहेत.

मग याला म्हणायचं तरी काय?

व्लादिमीर क्योपेन नावाच्या हवामानशास्त्रज्ञानं शंभराहून जास्त वर्षांपूर्वी एक हिशेब घालून दिला, तो अजून चालतो. वर्षातल्या सगळ्यात थंड महिन्याचं सरासरी तापमान १८ अंशांच्या वर असेल तर हवामान उष्णकटिबंधीय. सगळ्यात कोरड्या महिन्यातही ६० मिलिमीटर पाऊस असेल तर वर्षावनाचं. ६० पेक्षा कमी असेल तर वर्षाचा एकूण पाऊस घ्या, त्याला २५ नं भागा आणि उत्तर शंभरातून वजा करा. कोरड्या महिन्याचा पाऊस या आकड्याइतका किंवा जास्त भरला तर मोसमी हवामान, कमी भरला तर सवाना, म्हणजे गवताळ माळाचं.

बेळगाव शहराचा पाऊस साधारण १३०० धरू. २५ नं भागले, ५२ आले. शंभरातून गेले, उरले ४८. जानेवारीत आपल्याकडे पाऊस जवळजवळ शून्य. म्हणजे बेळगाव सवानात गेलं. कणकुंबीला अडीच हजारांच्या पुष्कळ वर पडतो, त्यामुळे वजाबाकी शून्याच्याही खाली जाते आणि कोरडा ठणठणीत जानेवारी असूनही कणकुंबी मोसमी वनाच्या हवामानात बसते. आणि अथणीकडे पाच-सहाशे मिलिमीटर, ते या वजाबाकीपर्यंत येतच नाही, थेट निमशुष्क. एकाच जिल्ह्यात तीन हवामानं! मुलांना हे गणित पाटीवर करायला दिलं की ती जिल्ह्याचा नकाशा पहिल्यांदा नीट बघतात.

रानाचं नाव विचाराल तर घळीत सदाहरित, उतारावर निमसदाहरित आणि माथ्याकडून पूर्वेला सरकलं की आर्द्र पानझडी.

कणकुंबीला एवढा आणि अथणीला एवढासा, असं का?

अरबी समुद्रावरून आलेले ढग सह्याद्रीला धडकतात, वर चढतात, थंड होतात आणि तिथेच रिकामे होतात. बेळगावला उरलंसुरलं मिळतं, अथणीला उष्टं. अथणीकरांनी रागावू नये. कणकुंबीत उगम पावलेली मलप्रभा पूर्वेकडेच जाते, सौंदत्तीजवळ अडवली जाते आणि हुबळी-धारवाडला पाणी पाजते.

ऑक्टोबरात पाऊस गेला, तरी मेपर्यंत रान हिरवं कसं राहतं?

हा खरा प्रश्न. तो कुणी विचारला की मी गाडी थांबवायला लावतो.

फेब्रुवारीत जांबोटीच्या पुढे कुठल्याही वळणावर उभं राहून समोरच्या उताराकडे बघा. माथ्यावर करडा रंग दिसेल. ऐन, किंजळ, नाणा पानं टाकून मोकळे झालेले असतात. मधूनच काटेसावर लाल फुलं घेऊन उभी. आणि त्या करड्यातून खाली उतरत गेलेली काळपट हिरवी रेघ दिसेल, शाईच्या पेनाचा फराटा ओढावा तशी. ती रेघ म्हणजे ओढा. पाणी दिसत नाही, पण हिरवं कुठवर पोचलंय त्यावरून जमिनीखाली ओल कुठवर आहे ते कळतं. कोरड्या दिवसांचा इतका चांगला नकाशा छापून मिळत नाही.

त्या रेघेत शिरलं की आणखी तीन-चार गोष्टी कळतात. एक, सावली. वरचं छत एकसंध असेल तर ऊन आणि वारा आत येत नाही, ओल लवकर उडत नाही. दुसरं, पान. अंजनीचं पान तोडून चोळून बघा, पुठ्ठ्यासारखं जाड आणि वर मेणाचा लेप दिल्यासारखं चकचकीत. असं पान पाणी सहज सोडत नाही. तिसरं, मुळं. खडकाच्या भेगांतून ती पार खाली गेलेली असतात. चौथं, धुकं आणि दव. थंडीच्या दिवसांत पहाटे या घळींमध्ये झाडांखाली उभं राहिलात तर पाऊस नसताना टपटप ऐकू येते.

आणि गंमत म्हणजे सदाहरित झाडंही पानं टाकतात. फक्त सगळी एकदम टाकत नाहीत.

भर उन्हाळ्यात लाल पानं? झाड आजारी आहे का?

अजिबात नाही. ती पालवी आहे. दारच्या आंब्याला येते तशीच, तांबूस, लोंबकळणारी, हात लावला तर ओल्या कापडासारखी मऊ. नागकेशराची तर इतकी लालभडक असते की लांबून फुलोरा वाटतो. कोवळ्या पानात हिरवं द्रव्य उशिरा भरतं, तोवर लाल रंगद्रव्य असतं आणि ते प्रखर उन्हापासून पानाला वाचवतं. पाऊस यायच्या आधीच पालवी फोडण्याचं एक कारण असं सांगतात की पानं खाणाऱ्या अळ्या-किड्यांची धाड पावसाबरोबर येते, तोवर पान जून झालेलं बरं.

नेमकी कोणती झाडं बघायची?

यादी देत नाही, पाठ करून काही होत नाही. पण महाबळेश्वर-आंबोलीकडच्या सदाहरित रानाची ओळख अंजनी, जांभूळ आणि पिसा या तिघांवरून पटते. दक्षिणेला कारवारकडे जाल तशी जाती वाढत जातात, झाडं उंच होतात, कारण कोरडे महिने कमी होतात. केरळच्या टोकाला ते दोन-तीनच उरतात. आपण या दोन टोकांच्या मध्ये. त्यामुळे खानापूर तालुक्यात दोन्हीकडचे पाहुणे भेटतात. धूप, पारजांभूळ, नागकेशर, रातांबा, भेरली माड, वेत, आणि ओळखीचे आंबा-फणस आहेतच.

फणस मात्र थांबून बघा. तो फांदीला लागत नाही, बुंध्याला लागतो. इतकं जड फळ बारीक फांदीला पेलणार नाही, हे तर झालंच. शिवाय दाट रानात शेंड्यापर्यंत न जाणाऱ्या प्राण्यांनाही बुंध्यावरचं फळ सापडतं. उंबराचंही तेच. दक्षिण अमेरिकेच्या रानातला कोकोही असाच बुंध्याला लागतो. म्हणजे आपल्या परसातल्या फणसाची सवय अस्सल वर्षावनातली आहे.

आत इतका अंधार का असतो?

मागच्या वर्षी एका मुलानं भर दुपारी बारा वाजता बुरशीचा फोटो काढला आणि मोबाईलचा फ्लॅश आपोआप पेटला. तोच दाखला देतो. दाट वर्षावनात वरच्या उजेडातला शंभरातला एक-दोन भागच जमिनीपर्यंत पोचतो.

रान मजल्यांचं असतं. सगळ्यात वर एखाददुसरं झाड डोकं काढून उभं. बोर्निओच्या सबा प्रांतात २०१९ मध्ये मोजलेलं एक झाड शंभर मीटरपेक्षा उंच भरलं. आपल्याकडे तेवढं कुणी नाही. त्याखाली एकमेकांत मिसळलेलं छत, त्याखाली सावलीत जगणारी बुटकी झाडं, आणि तळाला रोपं. ही रोपं वाट बघत असतात. वर्षानुवर्षं वीतभरच राहतात. वरचं म्हातारं झाड कोसळून छताला भोक पडलं, की जो आधी वर पोचेल त्याची जागा. महावेलींनी तर यावर युक्ती काढलीय, स्वतःचं खोड बांधायचं नाही, दुसऱ्याचं वापरायचं. गारंबीची वेल मांडीएवढी जाड होते आणि शेंग मीटरभर लांब. तिच्या गुळगुळीत चॉकलेटी बिया अनेकांच्या घरी असतील, कशाच्या ते ठाऊक नसतं इतकंच.

पिंपळाच्या पानाला शेपूट का असते?

पाणी निथळावं म्हणून. पान ओलं राहिलं की त्यावर शेवाळ, बुरशी चढते आणि ऊन अडतं. लांब टोक असलं की थेंब तिथे जमतो आणि गळतो. पावसात मंदिरासमोरच्या पिंपळाखाली पाच मिनिटं उभं राहून बघा, सांगायला लागणार नाही. जगभरच्या वर्षावनांत अशी टोकदार पानं भरपूर सापडतात.

झाडांवर वाढलेली सगळी बांडगुळंच ना?

हा गैरसमज मोडायला मला दरवर्षी अर्धा तास लागतो.

बांडगूळ वेगळं. ते फांदीत मूळ खुपसून यजमान झाडाचं पाणी चोरतं, मात्र पानं हिरवी असल्यानं अन्न बरंचसं स्वतः करतं. फुलटोच्या नावाचा टीचभर पक्षी त्याची फळं खातो, बी चिकट असतं, तो ते फांदीला पुसतो आणि तिथेच ते रुजतं. आमरी, म्हणजे ऑर्किड, वेगळी. ती फक्त भाड्यानं बसलेली असते. सालीवर अडकलेला पालापाचोळा, पावसाचं पाणी आणि हवेतली ओल यांवर तिचं भागतं, झाडाचं काही घेत नाही. जून महिन्यात सीतेची आमरी फुलते, जांभळट पांढऱ्या फुलांचा लोंबता तुरा. लोक ती ओरबाडून घरी नेतात आणि वर्षाच्या आत मारतात. कृपा करून नेऊ नका.

तिसरा प्रकार वड-नांदुर्क कुळाचा. पाखराच्या विष्ठेतून बी दुसऱ्या झाडाच्या बेचक्यात पडतं, तिथून मुळं खाली सोडतं, ती जमिनीला टेकली की जाड होतात, एकमेकांत जुळतात आणि आतलं झाड हळूहळू गुदमरतं. काही दशकांनी आत पोकळी उरते आणि बाहेर वड. भाडेकरू म्हणून आला आणि घरमालक झाला, असं आमच्याबरोबरचे एक आजोबा म्हणाले. शहापूरच्या वाड्यात जन्म काढलेले, त्यामुळे त्यात अनुभव बोलत असावा.

मुळं अशी भिंतीसारखी का उभी असतात?

माती उथळ आणि झाड उंच. खोल पाय रोवता आला नाही तर फाकून उभं राहायचं. काटेसावरीच्या जुन्या बुंध्याला हे फाळ चांगले दिसतात.

याहून विलक्षण मुळं बघायची तर थोडं खाली उतरायला लागतं. रानजायफळाची झाडं वर्षभर दलदलीत उभी राहतात आणि श्वास घेण्यासाठी चिखलातून गुडघ्यासारखी वाकलेली मुळं वर काढतात. उत्तर कन्नडमध्ये अशा जागा आहेत, गोव्याच्या सत्तरीत एक देवराई आहे, आणि दोडामार्ग तालुक्यातही एक आहे. बहुतेक ठिकाणी ती देवाच्या नावानं राखली म्हणून टिकली.

एवढं रान वाढतंय म्हणजे जमीन सोनं असणार! तोडून शेती केली तर?

एक-दोन वर्षं पीक येईल. मग नाही.

धो-धो पावसात मातीतले क्षार धुऊन जातात, मागे लोह आणि अॅल्युमिनियम उरतं, त्याचाच आपला लाल जांभा. रानाची सगळी श्रीमंती जमिनीत नसते, झाडांच्या अंगात असते. पान पडलं की वाळवी, बुरशी, गांडुळं तुटून पडतात आणि त्यातलं जे काही आहे ते मुळं लगेच वर ओढतात. हातावर पोट असलेला संसार म्हणा. झाडं काढली की हा फेरा तुटतो. पूर्वी कुमरी करणाऱ्यांना हे पक्कं ठाऊक होतं. रान जाळायचं, राखेवर दोन-तीन वर्षं नाचणी घ्यायची आणि जागा सोडून द्यायची. त्यांना आडाणी म्हणणाऱ्यांना मात्र ठाऊक नव्हतं.

एवढ्या पावसात मधूनच तो उघडा सडा कसा?

पाऊस आहे, माती नाही. जांभ्याचा कातळ, वर बोटभर थर. पावसात तिथे पाणी साचतं, दिवाळीनंतर तोच कातळ तव्यासारखा तापतो. मोठं झाड तिथे टिकत नाही. पण ऑगस्ट-सप्टेंबरात खाली वाकून बघा. सीतेची आसवं, गेंद, आणि लाल केसांवर चिकट थेंब मिरवणारी दवबिंदू. यातल्या पहिल्या आणि तिसऱ्या वनस्पती किडे खातात, कारण या पातळ मातीत नत्र मिळत नाही. सड्यावर गाडी घालणाऱ्यांनी आधी हे वाचावं.

रात्री रान चमकतं म्हणतात, खरं का?

खरं. पावसाळ्यात कुजलेल्या ओल्या लाकडावर वाढणारी एक बुरशी मंद हिरवा उजेड देते. आंबोलीत आणि म्हादईच्या खोऱ्यात ती दिसते. पण मोबाईल, टॉर्च सगळं बंद करून दहा मिनिटं गप्प उभं राहावं लागतं. बहुतेक मंडळी सातव्या मिनिटाला बोलायला लागतात.

वर्षावनं पृथ्वीची फुफ्फुसं आहेत ना?

शाळेत लिहायला ठीक. प्रत्यक्षात जुनं रान जेवढा प्राणवायू देतं जवळपास तेवढाच स्वतःच्या श्वसनात आणि कुजण्यात वापरून टाकतं. रान महत्त्वाचं आहे ते साठवलेल्या कार्बनासाठी, पाण्यासाठी आणि जातींसाठी.

झाडं तोडली म्हणून पाऊस कमी झाला का?

अमेझॉनमध्ये हे बऱ्याच अंशी लागू पडतं. तिथली झाडं पाणी हवेत सोडतात आणि त्यातलं पुष्कळ पुढे पुन्हा पाऊस होऊन पडतं. आपल्या जून-सप्टेंबरच्या पावसाचा मुख्य कारभार मात्र समुद्र आणि सह्याद्री बघतात. घाटावरचं एक झाड राहिलं नाही तरी जुलैत पाऊस पडेलच. फरक पडेल तो पडल्यानंतर. आता ते पाणी पालापाचोळ्यात, मुळांच्या वाटांनी जमिनीत मुरतं आणि ओढ्यांना मार्च-एप्रिलपर्यंत पुरतं. रान नसेल तर दोन दिवसांत लाल गढूळ पूर आणि जानेवारीत कोरडा ओढा. पुन्हा तेच, बिनपावसाचे महिने.

मलप्रभा आणि म्हादई दोन्ही याच रानातून निघतात, एक पूर्वेला, एक गोव्याकडे. त्यांच्या पाण्यावरून कर्नाटक आणि गोव्यात चाललेला वाद सगळ्यांना माहीत आहे, तो इथे उकरत नाही. भीमगड अभयारण्य २०११ मध्ये जाहीर झालं, साधारण १९० चौरस किलोमीटरचं. वादातल्या दोन्ही बाजूंचं पाणी अशा रानांतच मुरतं, एवढं नोंदवतो.

आमच्या प्लॉटवर असं रान लावता येईल?

उघड्या माळावर नागकेशर लावला तर उन्हानं जाईल. आधी उन्हात झपाट्यानं वाढणारी चांदाडा, खारगोळ अशी झाडं येऊ द्या, त्यांची सावली पडली की मग बाकीची लावा. जांभूळ, फणस यांचं बी वाळवून डब्यात ठेवू नका, मरतं. फळ खाल्लं की त्याच आठवड्यात पेरा. बेळगावला मे-जूनमध्ये खानापूरकडच्या बायका पाट्या घेऊन जांभळं विकायला बसतात, तीच तुमची रोपवाटिका. आणि नीलगिरी किंवा ऑस्ट्रेलियन बाभळीच्या रांगा लावून त्याला रान म्हणू नका. खाली गवतसुद्धा धड उगवत नाही.

कधी यावं? परवानगी लागते का?

छत आणि बुरशी बघायची तर जुलै-ऑगस्ट, फुलं बघायची तर सप्टेंबर, आणि रानाचा हिशेब समजून घ्यायचा तर फेब्रुवारी. फेब्रुवारीत कुणी येत नाही, हे माझं जुनं दुखणं. अभयारण्यात शिरायचं तर वनखात्याची परवानगी हवीच. डिसेंबर ते मे या काळात गोचिडांपासून जपा. माकडतापाचा रोग त्यांच्यामार्फत पसरतो आणि लगतच्या सत्तरी-दोडामार्ग भागात २०१५-१६ पासून तो आढळलाय. पूर्ण बाह्या, पायघोळ पँट, घरी आल्यावर कपडे गरम पाण्यात.

आणि जळवा?

असतात, लागतात, कुणी मेलं नाही. ओढून काढू नका, नखानं तोंडाकडून सोडवा. जखम थोडा वेळ वाहत राहते कारण जळू रक्त गोठू न देणारं द्रव्य सोडते. घाबरू नका, दाबून धरा. मीठ, लिंबू चालतं. गावातली मंडळी मात्र तंबाखू फडक्यात बांधून, ओला करून घोट्याला चोळतात. निपाणीचा असेल तर उत्तम, म्हणतात. मी चोळून बघितलाय. जळू लागली नाही, पण दिवसभर पायाला मळलेल्या तंबाखूचा वास येत होता, आणि घरी बायकोनं पहिला प्रश्न त्याबद्दलच विचारला.